बाबांचा जुना लॅपटॉप: दिवे लागतात, पण विंडोज येत नाही. आतलं लिखाण वाचवायचंय

सुपारीची_बाग | ७ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

गणपतीला चिपळूणला गेले होते, येताना बाबांचा लॅपटॉप ठाण्याला घेऊन आले. २०१३ च्या दिवाळीत घेतलेला. आय-थ्री चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मेमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मिटून ठेवला होता. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह येतं आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नो बूटेबल डिव्हाइस' (सुरू करण्याजोगी डिस्क नाही). पुढे काही नाही.

तिकडच्या एका दुकानात दाखवला. पाच मिनिटांत निकाल: "मदरबोर्ड गेलाय, नाहीतर हार्ड डिस्क. साडेसहा हजार होतील, आतलं काही मिळणार नाही. त्यापेक्षा नवीन घ्या." दोन्हींपैकी नक्की काय, हे विचारलं तर म्हणे उघडल्यावर कळेल.

नवीन घ्यायला हरकत नाही, पण प्रश्न आतल्या मजकुराचा आहे. बाबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षं गावोगाव हिंडून शेतांची, पऱ्ह्यांची (ओढ्यांची), वाटांची, दगडांची जुनी नावं गोळा केली. वह्या होत्या, पण २०२१ च्या जुलैच्या पुरात घरात छातीभर पाणी होतं, वह्यांचा लगदा झाला. लॅपटॉप माळ्यावर होता म्हणून राहिला. म्हणजे आता जे आहे ते फक्त यातच. पेनड्राइव्हवर एक प्रत होती असं बाबा म्हणतात. तो पेनड्राइव्ह कुठे आहे ते मात्र सांगत नाहीत.

मला यातलं फार कळत नाही, पण स्क्रू काढायची भीती वाटत नाही.

---

पाटावरवंटा | ७ सप्टेंबर, रात्री ११.०५

रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबराने घासा, परत लावा. कोकणातल्या दमट हवेत हेच होतं. माझे तीन लॅपटॉप असेच उठलेत.

---

खटपट्या | ७ सप्टेंबर, रात्री ११.५०

पाटावरवंटा, खोडरबराला माझा विरोध नाही, पण इथे त्याचं काम नाही. पडद्यावर अक्षरं दिसतायत ना? कंपनीचं चिन्ह येतंय, निरोप येतोय, म्हणजे रॅम, प्रोसेसर, स्क्रीन आपापलं काम करतायत. मदरबोर्ड 'गेलेला' असता तर हा निरोप वाचायला मिळाला नसता. दुकानदाराचं पहिलं वाक्य तिथेच बाद.

'लॅपटॉप चालू होत नाही' हे 'पोटात दुखतंय' म्हणण्यासारखं आहे. कुठे दुखतं ते आधी बघायचं. बटण दाबल्यावर दिवाच नाही तर अडॅप्टर, बॅटरी, पॉवरची जागा. दिवा आहे, पडदा काळा, तर रॅम किंवा स्क्रीन. चिन्ह आलं आणि मग अडलं, तर डिस्क किंवा बायोसमधली (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंग. विंडोजचे गोल फिरणारे ठिपके आले आणि मग अडलं, तर विंडोज किंवा पुन्हा डिस्क. तुमचं तिसऱ्यात बसतंय.

ताई, एवढं करून बघा:

- लावलेला पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीडी, सगळं काढा. हसू नका, निम्मे लॅपटॉप इथेच सुटतात.
- चालू करताना एफ-२ दाबत राहा (काही मशीनला डिलीट किंवा एफ-१०). बायोस उघडेल. तिथे तारीख काय आहे आणि हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का, एवढंच बघा. काही बदलू नका.
- लॅपटॉप उलटा करून बघा, बॅटरी फुगली आहे का? टचपॅड वर उचललं गेलंय का? असेल तर आधी बॅटरी बाहेर, बाकी सगळं नंतर.

---

सुपारीची_बाग | ८ सप्टेंबर, सकाळी ७.१५

बॅटरी सपाट आहे, पण मेलेली. अडॅप्टर काढला की लगेच बंद. बाबा गेली काही वर्षं तसाच वापरत होते, वायर कायम लावलेली.

एफ-२ ने निळा पडदा आला. हार्ड डिस्कचं नाव दिसतंय, ५०० जीबी लिहिलंय. तारीख १ जानेवारी २०१३.

---

खटपट्या | ८ सप्टेंबर, सकाळी ८.३०

तारखेनेच सांगितलं. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक सीआर २०३२, ३ व्होल्टचा. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, त्यावरूनच नाव. लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग तो जपतो. मोठी बॅटरी धड असेल तर त्याच्यावर फार भार येत नाही. तुमची बॅटरी मेलेली, सेलही मेलेला. वायर काढली की मशीनला सगळ्याचा विसर.

आता एक प्रश्न. घेताना त्यात विंडोज होतं की 'डॉस' म्हणून, विंडोजशिवाय, स्वस्तात घेतला होता?

---

सुपारीची_बाग | ८ सप्टेंबर, सकाळी ९.००

डॉस! बाबा अजून सांगतात, तीन हजार वाचवले म्हणून. विंडोज ७ दुकानातल्या मुलाने टाकून दिलं होतं. पुढे २०१६ मध्ये ते फुकटात विंडोज १० झालं.

---

खटपट्या | ८ सप्टेंबर, सकाळी ९.२०

मग कोडं सुटलं, निदान अर्धं तरी. त्या काळात दुकानात विंडोज ७ टाकायचे ते जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर, आणि त्यासाठी बायोसमध्ये बूटची (मशीन सुरू व्हायची) पद्धत 'लेगसी', म्हणजे जुनी, करून ठेवायचे. सेल मेला की बायोस मूळ सेटिंगवर, म्हणजे यूईएफआय या नव्या पद्धतीवर परत जातं. यूईएफआय त्या डिस्कवर आपल्याला हवी ती फाइल शोधतं, ती तिथे कधी नव्हतीच, म्हणून 'नो बूटेबल डिव्हाइस'. डिस्क आहे, विंडोज आहे, फक्त दार चुकलंय.

बूटच्या पानावर जाऊन 'लेगसी' निवडा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामला अडवणारी सेटिंग) चालू असेल तर आधी बंद करावं लागेल. एफ-१० दाबून जतन करा. वायर काढू नका.

---

गोदाकाठ | ८ सप्टेंबर, सकाळी ११.१०

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझाही लॅपटॉप २०१५ चा, बटण दाबलं की पंखा फिरतो पण पडदा काळाच. लेगसी केलं तर होईल का?

---

खटपट्या | ८ सप्टेंबर, दुपारी १२.००

गोदाकाठ, पडदाच नाही तर लेगसी कुठे करणार! तुमचा रोग वेगळा. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन जिवंत आहे, स्क्रीन रुसलीय. अंधारात पडद्यावर तिरपी टॉर्च मारा, पुसट अक्षरं दिसली तर फक्त मागचा प्रकाश गेलाय. टीव्हीला एचडीएमआयने जोडूनही बघता येईल. कॅप्स लॉक हललाच नाही तर वायर आणि बॅटरी दोन्ही काढा, बटण तीसेक सेकंद दाबून धरा, साठलेला करंट उतरू द्या, परत लावा. तरी नाही तर रॅम. आणि तिथे पाटावरवंटांचं खोडरबर उपयोगी. पांढरं, मऊ घ्या. पेनाचं खरखरीत नको, सोनेरी मुलामा निघतो. कण झटकून मगच लावा.

---

पाटावरवंटा | ८ सप्टेंबर, दुपारी १२.०४

धन्यवाद. खोडरबराला न्याय मिळाला.

---

सुपारीची_बाग | ८ सप्टेंबर, रात्री ९.३०

लेगसी केलं आणि विंडोज आलं!! म्हणजे, यायला लागलं. ठिपके फिरायला लागले, मी बाबांना फोन लावला, "बाबा, झालं" म्हटलं. आणि मग 'प्रिपेरिंग ऑटोमॅटिक रिपेअर'. चाळीस मिनिटं. मग आपोआप बंद, परत ठिपके, परत रिपेअर. आतून मधूनच 'टक्... टक्' असा आवाज येतो.

दुसरी गोष्ट. बाबांना मी लेगसीबद्दल सांगत होते तर ते म्हणाले, "हो, ते करावंच लागतं. पिशवीत चिठ्ठी आहे." बॅगेच्या आतल्या कप्प्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेली चिठ्ठी निघाली, बाबांच्या अक्षरात: "वीज गेल्यास: एफ-२, बूट, लेगसी, एफ-१०, एंटर. नंतर तारीख घालणे." खाली २०१९ ची तारीख. सहा वर्षं दर वीज गेल्यावर माणूस हे करतोय आणि कुणाला बोलला नाही! कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. का सांगितलं नाही विचारलं तर, "तुम्ही विचारलं कुठे?"

---

तिसरा_मजला | ८ सप्टेंबर, रात्री ९.४५

बाबांना दंडवत _/\_

रिपेअर अडकत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये जाऊन चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवा, पुढे 'आर' लावून. रात्रभर चालेल पण डिस्क दुरुस्त होईल. मी नेहमी तेच करतो.

---

खटपट्या | ८ सप्टेंबर, रात्री ९.५२

थांबा! ताई, आधी लॅपटॉप बंद करा. आत्ता. बटण दाबून धरा. बाकीचं नंतर वाचा.

---

खटपट्या | ८ सप्टेंबर, रात्री १०.३०

तिसरा मजला, तुमचा हेतू चांगला आहे, पण टकटक करणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे हार्ट अटॅक आलेल्याला धावायला लावणं. चेकडिस्क डिस्क दुरुस्त करत नाही, तिच्यावरची खातेवही नीट करतं. त्यासाठी अख्खी डिस्क वाचतं, आणि जिथे वाचता येत नाही तिथल्या फाइलची मोडतोड करून 'हिशेब जुळला' म्हणतं. मरत्या डिस्कमध्ये ठरावीक श्वास उरलेले असतात. ते विंडोजच्या रिपेअरवर खर्च करायचे की बाबांच्या फाइलींवर, एवढाच प्रश्न. ऑटोमॅटिक रिपेअरही तेच करत बसलंय, म्हणून बंद करायला सांगितलं.

विंडोजला हात न लावता फक्त प्रत काढायची. लागेल काय: ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, त्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, चढवायचं (रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने होतं). आणि ५०० जीबीपेक्षा मोठी बाहेरची डिस्क, म्हणजे १ टीबी. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा. डिस्कवर काही बसवायचं नाही. मिंटमध्ये 'डिस्क्स' म्हणून साधन आहे, त्यात स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती दिसते. त्यातल्या दोन ओळींचे आकडे कळवा: रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. आणि काही झालं तरी 'इन्स्टॉल' लिहिलेल्या चित्रावर क्लिक करू नका!

आवाज सतत, एका लयीत यायला लागला तर तेवढ्यावर थांबा. मग डिस्क उघडून वाचणाऱ्या लॅबचं काम, आणि तिथे खर्च लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त येतो.

---

सुपारीची_बाग | ९ सप्टेंबर, रात्री ११.००

ऑफिसातल्या मुलाने पेनड्राइव्ह बनवून दिला. मिंट आलं, आणि आश्चर्य म्हणजे विंडोजपेक्षा भरभर चाललं. रीअलोकेटेड ४८, पेंडिंग ३१२. आवाज अधूनमधूनच येतो, लयीत नाही.

---

खटपट्या | ९ सप्टेंबर, रात्री ११.२०

रीअलोकेटेड म्हणजे खराब झालेल्या ज्या जागांऐवजी डिस्कने राखीव जागा वापरायला घेतली त्या. पेंडिंग म्हणजे ज्या वाचता येत नाहीयेत पण डिस्कने अजून आशा सोडलेली नाही त्या. ३१२ फार नाहीत. बहुतेक सगळं मिळेल.

नेहमीसारखं कॉपी-पेस्ट करू नका. खराब जागा आली की ते तिथेच डोकं आपटत बसतं. डीडीरेस्क्यू वापरा. ते शहाण्या माणसासारखं वागतं: आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलं की उडी मारून पुढे जातं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवतं, म्हणजे मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे सुरू. कमांड व्यनि (खासगी निरोप) केली आहे. त्यात पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं जिथे प्रत ठेवायची तिथलं. उलट झालं तर बाबांची डिस्क कोरी होईल. म्हणून एंटर दाबायच्या आधी आकार बघा, ५०० कोण आणि १००० कोण. दोनदा बघा.

---

सुपारीची_बाग | १० सप्टेंबर, पहाटे १२.५०

तीनदा बघितलं. सुरू झालं आणि बरोबर ४ जीबीला थांबलं. फाइल फार मोठी असं काहीतरी म्हणतंय. गेली का डिस्क?

---

निळी_शाई | १० सप्टेंबर, पहाटे १२.५८

डिस्क ठीक आहे, बाहेरची डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल. टीव्हीला लावून सिनेमे बघायला तशी करतात. फॅट-३२ वर एका फाइलचा आकार ४ जीबीच्या वर जात नाही. त्यातलं सामान दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस करा.

(मी डीटीपीवाली, हा दगड माझ्या पायावर बऱ्याचदा पडलाय.)

---

सुपारीची_बाग | ११ सप्टेंबर, सकाळी ६.४०

नवऱ्याचे सिनेमे गेले एकदाचे त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. रात्री ९ ला लावलं. पहिले तीन तास आकडे झरझर, मग मुंगीच्या गतीने. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं ठेवून टेबलफॅन लावला होता, डिस्क तापू नये म्हणून. रात्रभर दर तासाला उठून बघत होते, बाळंतपणात असं जागले नव्हते. पहाटे ५.२० ला संपलं. ९९.९९ टक्के. साधारण ३ एमबी मिळाले नाहीत.

आता?

---

खटपट्या | ११ सप्टेंबर, सकाळी ८.००

आता जुनी डिस्क काढून फडक्यात गुंडाळून ठेवा, तिची सुटी झाली. प्रतीच्या फाइलीवर उजवं क्लिक करून डिस्क इमेज माउंटरने उघडा. ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, चुकून काही खोडलं जाणार नाही. बाबांचा फोल्डर बाहेर काढा. आणि लगेच, आजच, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी. पेनड्राइव्ह 'कुठेतरी आहे' ही प्रत धरत नाहीत.

---

सुपारीची_बाग | ११ सप्टेंबर, रात्री १०.१५

२१२ फाइली मिळाल्या. आणि रडू येतंय. एकही वाचता येत नाही. सगळ्या उघडतात, पण आत इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टोप्या, उलटेसुलटे स्वल्पविराम. सगळ्याच खराब झाल्या? ३ एमबीच गेले होते ना?

---

निळी_शाई | ११ सप्टेंबर, रात्री १०.२२

अहो, काही खराब झालेलं नाही! डोळे पुसा. बाबा मराठी कशात टाइप करायचे? श्रीलिपी, कृतिदेव असं काही?

या फाँटांमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांच्यावर मराठीचे मुखवटे चढवतो. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही, म्हणून मुखवटा उतरला. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फाँट्स' नावाचा फोल्डर असतो. त्याच प्रतीतून तो अख्खा काढून घ्या, फाइलीत ज्या फाँटचं नाव दिसतंय तो बसवा. अख्खी डिस्क उतरवली हे फार बरं झालं. नुसता बाबांचा फोल्डर घेतला असता तर आता फाँट शोधत फिरावं लागलं असतं.

---

सुपारीची_बाग | ११ सप्टेंबर, रात्री ११.४०

दिसलं!!! पहिली फाइल उघडली ती आमच्याच वाडीची. 'बामणाची कोंड', 'म्हसोबाचा माळ', 'घोरपडीची पाणंद', 'रडवी खाचरं'. रडवी का, ते पण कंसात लिहिलंय: बारमाही पाझरतात म्हणून. बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तर म्हणाले, 'पाणंदी'वर अनुस्वार राहिलाय का बघ.

राहिला नव्हता.

---

निळी_शाई | १२ सप्टेंबर, सकाळी ९.३०

आता हे युनिकोडमध्ये (जिथे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठतात) करून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी हाच धागा परत काढाल. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण आंधळा विश्वास नको. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. जोडाक्षर आलं की साधनं गडबडतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' मधला अर्धा र तर हमखास चुकतो. तुमच्या गावात 'पऱ्ह्या' प्रत्येक पानावर असणार, मजा आहे. शेजारी मूळ फाइल उघडी ठेवून एकेक नाव ताडून बघावं लागेल. शब्दकोशात नसलेली नावं आहेत, स्पेलचेक कामाचं नाही. बाबाच लागतील.

---

तिसरा_मजला | १२ सप्टेंबर, सकाळी १०.००

चेकडिस्कबद्दल शब्द मागे घेतो. लॅपटॉपचं आता काय करणार? विंडोज १० चा आधार (कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय आणि चौथ्या पिढीच्या आय-थ्रीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. भंगारात द्या, नवीन घ्या.

---

खटपट्या | १२ सप्टेंबर, सकाळी १०.४०

भंगारात का? अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरता भाग नसलेली डिस्क), २५६ जीबी पुरे. सेल नवा. रॅमची दुसरी जागा रिकामी असेल तर ४ जीबी अजून, पण विचारून डीडीआर-३ एल घ्या, १.३५ व्होल्टवाली, नुसती डीडीआर-३ म्हणून दिली तर ती १.५ ची असते, या पिढीच्या लॅपटॉपला बहुधा चालत नाही. मी पुण्यात असतो, तापकीर गल्लीतून घेतो. तुम्हाला लॅमिंग्टन रोड जवळ. वर मिंट टाका.

सेल लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या वेष्टनात, दोन वायरी आणि छोट्या प्लगसह असतो. तसाच तयार मागा. नुसत्या सेलला घरी डाग (सोल्डर) द्यायला जाऊ नका, तापून फुटतो. आणि जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका जाळतो, थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

---

निळी_शाई | १२ सप्टेंबर, सकाळी ११.०५

मिंटला माझा विरोध. ज्या माणसाची बोटं बारा वर्षं एका कीबोर्डला सरावलीत त्याला सत्तरीत नवीन मांडणी शिकवू नका. विंडोज ठेवा, इंटरनेट तोडा, टाइप करू द्या.

---

खटपट्या | १२ सप्टेंबर, सकाळी ११.२०

इंटरनेट तोडलं तर लेकीशी व्हिडिओ कॉल कुठून करणार?

---

निळी_शाई | १२ सप्टेंबर, सकाळी ११.२२

फोनवरून. सगळे तसेच करतात.

---

सुपारीची_बाग | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

उशिरा लिहितेय. एसएसडी बसवली, सेल बदलला. जुना सेल मल्टिमीटरवर १.१ व्होल्ट दाखवत होता. निळी शाई जिंकली, विंडोज १० च टाकलं. यूईएफआय पद्धतीने टाकलंय, म्हणजे सेटिंग गेली तरी दार चुकणार नाही. रॅम अजून घेतली नाही. २१२ पैकी एकच फाइल खरोखर अर्धी गेली, तीन वाड्यांची नावं होती. बाबा म्हणाले, "पाठ आहेत," आणि फोनवरच सांगितली, मी टाइप केली.

काल चिपळूणला पोचवला. लगेच वीज गेली. आली तेव्हा बाबांनी बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने एफ-२. बायोस उघडलं, तारीख बरोबर होती, तर जरा गोंधळले. चिठ्ठी परत पिशवीत ठेवलीय.

आणि पेनड्राइव्ह सापडला, देव्हाऱ्यात. त्यात फक्त आरत्या आहेत.

---

गोदाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ८.१०

अभिनंदन ताई. माझा पण झाला. रॅमच होती. खोडरबर.

---

पाटावरवंटा | २१ सप्टेंबर, रात्री ८.११

:)